पेन आणि रेन यांचे यमक का जुळत नाही?

वाचकांचे प्रश्न : भाषा आणि लेखन

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. यंदा शाळेच्या हस्तलिखितासाठी मुलांकडून चार-चार ओळींच्या इंग्रजी कविता लिहून घेत आहे. पाऊस, पंचगंगा, पन्हाळा, कुस्ती हे विषय त्यांनीच निवडले. मुले उत्साहाने लिहितात; परंतु एकाने ‘रेन’ला ‘पेन’ जोडले, दुसरीने ‘रिव्हर’ला ‘ड्रायव्हर’ आणि तिसऱ्याने ‘सिंगिंग’ला ‘रनिंग’. या जोड्या बरोबर नाहीत हे मला जाणवते, पण का, ते मुलांना सांगता येत नाही. दिलेल्या इंग्रजी शब्दाशी जुळणारे शब्द शोधण्याची काही पद्धत आहे का? – एक शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या वर्गातील तिन्ही जोड्या तीन निरनिराळ्या कारणांनी चुकल्या आहेत आणि प्रत्येक कारण सहावीच्या मुलाला कळण्याजोगे आहे. म्हणून त्याच जोड्या एकेक करून पाहू. शोधण्याची पद्धत त्यातूनच हाती येईल.

‘सिंगिंग’ आणि ‘रनिंग’ आधी घेऊ. इंग्रजी शब्दात एका अक्षरावर इतरांपेक्षा अधिक जोर येतो. त्याला आघात म्हणतात. यमक जुळण्यासाठी त्या आघाताच्या अक्षरातील स्वर आणि तेथून शब्दाच्या शेवटापर्यंतचे सर्व ध्वनी सारखे असावे लागतात, आणि त्या स्वराच्या आधीचे व्यंजन मात्र वेगळे असावे लागते. ‘सिंगिंग’चा आघात पहिल्या अक्षरावर आहे, म्हणून केवळ शेवटचा ‘इंग’ जुळून भागत नाही. त्याला ‘रिंगिंग’, ‘ब्रिंगिंग’, ‘स्विंगिंग’ असे शब्द हवेत, आणि ‘रनिंग’ला ‘कनिंग’, ‘स्टनिंग’. मराठी कानाला हे नवे नाही. ‘पाणी’ला ‘गाणी’, ‘राणी’, ‘वाणी’ शोभतात. ‘लोणी’ जोडले तर काहीतरी उणे वाटते, कारण ‘णी’ जुळला तरी त्याच्या आधीचा ‘आ’ जुळलेला नसतो. आपण मराठीत शेवटाकडून मोजत येतो. इंग्रजीत मात्र आघात जेथे असेल तेथून मोजावे लागते, आणि तो प्रत्येक शब्दात वेगळ्या ठिकाणी असू शकतो. ‘होटेल’चा आघात शेवटच्या अक्षरावर असल्यामुळे त्याला ‘बेल’ आणि ‘वेल’ पुरतात. ‘स्टेशन’ला ‘नेशन’ हवे, ‘ॲक्शन’ चालत नाही. ‘ॲक्शन’ची जोडी ‘फ्रॅक्शन’शी. ‘एज्युकेशन’ एवढा लांब शब्द, पण त्याचा मुख्य आघात ‘के’वर असल्यामुळे तोही ‘स्टेशन’च्याच घरात जातो. ‘ब्यूटिफुल’चा आघात अगदी आरंभी आहे, म्हणून त्याला ‘ड्यूटिफुल’सारखा संपूर्ण शब्दभर जुळणारा सोबती लागतो. आघात कोठे आहे याची शंका आली, तर उच्चार देणारा कोणताही चांगला शब्दकोश उघडावा. ज्या अक्षरावर मुख्य आघात असतो, त्याच्या आधी वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ छापलेली असते.

‘रिव्हर’ आणि ‘ड्रायव्हर’ या जोडीत मुलीचा दोष नाही. डोळ्यांनी तिला फसवले. दोन्ही शब्दांच्या स्पेलिंगचा शेवट आय, व्ही, ई, आर असाच आहे. परंतु यमक कानाचे असते. ‘रिव्हर’मधला ‘इ’ ऱ्हस्व आहे आणि तो ‘शिव्हर’, ‘क्विव्हर’, ‘गिव्हर’, ‘डिलिव्हर’ यांच्याशी जुळतो. ‘ड्रायव्हर’ला ‘डायव्हर’ जुळतो, आणि स्पेलिंगचा शेवट वेगळा असूनही ‘सर्व्हायव्हर’ जुळतो. ओ, यू, जी, एच या चार अक्षरांनी संपणारे पाच शब्द फळ्यावर लिहून दाखवावेत: ‘दो’, ‘थ्रू’, ‘कॉफ’, ‘रफ’, ‘बाउ’. शेवटची चार अक्षरे सारखी असून या पाचांपैकी कोणतेही दोन एकमेकांशी जुळत नाहीत. पहिला ‘गो’शी जुळतो, दुसरा ‘ब्लू’शी, तिसरा ‘ऑफ’शी, चौथा ‘स्टफ’शी आणि पाचवा ‘काउ’शी. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कुस्तीवर लिहिणाऱ्या मुलाला ‘रेसल’ या क्रियापदाला जोड हवी असेल, तर ‘व्हेसल’ म्हणजे भांडे किंवा जहाज हा शब्द त्याच्या कामाचा आहे. स्पेलिंग पाहून तो कोणालाही सुचणार नाही, कारण ‘रेसल’मधला टी लिहिला जातो पण उच्चारला जात नाही. तसेच ‘मॅच’ला ‘कॅच’ आणि ‘स्क्रॅच’ जुळतात. ‘वॉच’चे शेपूट कागदावर तेच असले तरी ऐकू येते ते वेगळेच.

आता ‘रेन’ आणि ‘पेन’. ही चूक सर्वांत खोल आहे आणि ती इंग्रजीची नसून आपल्या लिपीची आहे. पाऊस या अर्थाचा शब्द आपण देवनागरीत ‘रेन’ लिहितो, लेखणीचा ‘पेन’ लिहितो, आणि दुखणे या अर्थाचा शब्दही ‘पेन’च लिहितो. कागदावर तिन्हींचा ‘ए’ सारखा दिसतो, म्हणून आपण तो सारखाच उच्चारतो. इंग्रजीत मात्र हे दोन वेगळे स्वर आहेत: लेखणीतला ‘ए’ आखूड आणि ठाम, तर पावसातला ‘ए’ लांब आणि शेवटी ‘इ’कडे झुकणारा. परीक्षा या अर्थाचा ‘टेस्ट’ आणि चव या अर्थाचा ‘टेस्ट’, मिळवणे या अर्थाचा ‘गेट’ आणि दरवाजाचा ‘गेट’, विकणे आणि विक्री या अर्थांचे दोन ‘सेल’, हे सगळे याच कारणाने मराठी माणसाच्या तोंडी एकरूप झालेले आहेत. मुलांना हा फरक ऐकवण्याचा सोपा मार्ग मराठीतच आहे. त्यांना ‘मी येईन’ हे घाईने म्हणायला सांगावे. ‘येईन’मधला स्वर पटकन म्हणताना ‘एइ’ असा ऐकू येतो आणि तो पावसाच्या शब्दातील स्वराच्या अगदी जवळचा आहे. ‘देईन’, ‘घेईन’, ‘नेईन’ हेही तसेच. मग फळ्यावर पावसाचा शब्द काही दिवस ‘रेइन’ असाच लिहावा. मला हा उपाय ध्वनिचिन्हांपेक्षा बरा वाटतो, कारण तो मुलांच्या तोंडी आधीपासून असलेल्या उच्चारावर उभा आहे.

एवढे झाले की शोध सुरू करता येतो. ‘रेइन’मधले पहिले व्यंजन काढून टाकावे, उरतो ‘एइन’. आता त्याच्यापुढे एकेक व्यंजन बसवत जावे. बरेच जण यासाठी इंग्रजी वर्णमाला ए पासून झेडपर्यंत म्हणतात. परंतु तिच्यात च, श, थ यांना स्वतंत्र अक्षरे नाहीत, त्यामुळे ‘चेइन’सारखा शब्द हमखास सुटतो. आपल्या मुलांना वर्णमाला क पासून म्हणता येते, जोडाक्षरे बसवता येतात. त्यांनी तिचाच उपयोग करावा. क घेतला की ‘केइन’ म्हणजे ऊस किंवा वेत, ग वरून ‘गेइन’, च वरून ‘चेइन’, प वरून दुखण्याचा ‘पेइन’, म वरून ‘मेइन’, ल वरून गल्ली या अर्थाचा ‘लेइन’, व वरून शिरेचा ‘व्हेइन’. मग र जोडलेली जोडाक्षरे: ‘क्रेइन’, ‘ग्रेइन’, ‘ट्रेइन’, ‘ड्रेइन’, ‘ब्रेइन’. ल जोडून ‘प्लेइन’. स पुढे ठेवून ‘स्टेइन’, ‘स्पेइन’, ‘स्ट्रेइन’, ‘स्प्रेइन’. शेवटी दोन अक्षरांचे शब्द, ज्यांचा आघात अखेरीस आहे: ‘रिमेइन’, ‘एक्स्प्लेइन’, ‘कम्प्लेइन’. कोणताही कोश न उघडता वीसेक शब्द सहज जमतात, आणि ते मुलांनी स्वतः शोधलेले असतात. (‘शुगरकेइन’ कोल्हापूरच्या कवितेत येणारच. त्याचा मुख्य आघात ‘शु’वर असल्यामुळे काटेकोर नियमाने तो बाहेर राहतो, परंतु ‘केइन’वर दुय्यम आघात असल्याने कवी तो मान्य करतात आणि मुलांना तो जरूर वापरू द्यावा.)

शब्दांची यादी हाती आल्यावर खरी निवड सुरू होते, आणि तिथे शिक्षकाची गरज अधिक असते. पावसाच्या कवितेत ‘स्पेइन’ आणणारे मूल यमक जुळवते, पण कविता मोडते. त्याला यादीतून आपल्या गावच्या पावसात खरोखर दिसणारी वस्तू निवडायला सांगावे. ‘लेइन’ हाती लागला, की पुढील ओळी लिहिता येतात: ‘ऑल नाइट वी हर्ड द फॉलिंग रेइन, बाय डॉन अ रिव्हर रॅन डाउन अवर लेइन.’ रात्रभर पाऊस ऐकला आणि पहाटे आमच्या गल्लीतून नदी वाहू लागली, एवढीच गोष्ट. परंतु दुसऱ्या ओळीतला शब्द यमकासाठी ओढून आणलेला वाटत नाही. जेथे तो तसा वाटेल, तेथे ओळींची अदलाबदल करून पाहावी. शोधून आणलेला शब्द पहिल्या ओळीत आणि विषयाचा स्वाभाविक शब्द दुसऱ्या ओळीत ठेवला, तर ओढाताण पुष्कळ कमी होते.

आणखी दोन गोष्टी आपल्या वर्गात लवकरच उद्भवतील. पहिली ‘स’ आणि ‘झ’ची. डोळे या अर्थाचा शब्द ‘आइझ’ आहे आणि बर्फाचा ‘आइस’. पहिला ‘वाइझ’ आणि ‘प्राइझ’शी जुळतो, दुसरा ‘नाइस’ आणि ‘प्राइस’शी. मराठीत बोलताना आपण दोन्हीकडे ‘स’ म्हणतो, म्हणून येथे सावध राहावे लागते. दुसरी गोष्ट अधिक रंजक आहे. एखादे हुशार मूल पावसाच्या ‘रेन’ला राजाच्या कारकिर्दीचा ‘रेन’ जोडेल. दोन्हींचा उच्चार तंतोतंत एकच आहे, स्वराच्या आधीचे व्यंजनही तेच आहे, आणि म्हणून इंग्रजी परंपरेत ही जोडी दुबळी समजली जाते. आपल्याकडे नेमके उलट आहे. तीच अक्षरे पुन्हा यावीत आणि अर्थ बदलावा, यालाच आपल्या अलंकारशास्त्राने यमक म्हटले आणि भूषण मानले. मोरोपंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्यावर झाला. ज्या गडावर आपले विद्यार्थी कविता लिहीत आहेत, त्याच गडावर जन्मलेल्या या कवीच्या आर्यांमध्ये अशा यमकांची रेलचेल आहे. तेव्हा त्या मुलाला चूक म्हणून खोडून काढू नये. इंग्रजीत ही जोडी चालत नाही आणि मराठीत तिला मान आहे, हे दोन्ही त्याला सांगावे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो आणि मराठी-इंग्रजी मिसळून रॅप लिहितो. यमकासाठी मोबाइलवर संकेतस्थळे पाहतो, पण एक ठिकाण ‘फोर्ट’ला ‘थॉट’ जुळतो म्हणते, दुसरे नाही म्हणते. विश्वास कोणावर ठेवावा? – एक विद्यार्थी, शाहूपुरी

उत्तर : दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते दोन वेगवेगळ्या देशांचे उच्चार सांगत आहेत. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात स्वरानंतरचा ‘र’ ऐकू येत नाही, म्हणून तेथे गडाचा शब्द आणि विचाराचा शब्द खरोखर जुळतात. अमेरिकेत तो ‘र’ स्पष्ट उच्चारला जातो, आणि आपणही तो उच्चारतो. त्यामुळे अमेरिकन किंवा मराठी कानाला ती जोडी जुळत नाही. आपल्या ओळखीचा आणखी एक शब्द पाहा: कारकुनाला इंग्लंडमध्ये ‘क्लार्क’ म्हणतात आणि तो ‘पार्क’शी जुळतो, अमेरिकेत त्याचा ‘क्लर्क’ होतो आणि तो ‘वर्क’शी जुळतो. आपण स्वतः ज्या उच्चाराने गाता, त्याच उच्चाराचे साधन आपल्यासाठी खरे.

यमककोशांचा इतिहास थोडा ठाऊक असला तर त्यांच्या मर्यादा कळतात. जॉन वॉकर हा मूळचा नट आणि पुढे उच्चारशिक्षक झालेला इंग्रज. त्याने १७७५ साली काढलेल्या कोशात शब्द शेवटच्या अक्षरापासून उलट क्रमाने लावलेले होते. एकसारख्या शेवटाचे शब्द त्यामुळे एकत्र आले, पण ते स्पेलिंगने एकत्र आले, ध्वनीने नव्हे. वर सांगितलेले ‘कॉफ’ आणि ‘बाउ’ अशा क्रमात शेजारी बसतात. आजच्या अनेक संगणकीय साधनांच्या मागे पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश असतो. त्यात १,३४,००० हून अधिक शब्द ३९ ध्वनींमध्ये मांडलेले आहेत आणि प्रत्येक स्वरापुढे ०, १ किंवा २ हा आघाताचा अंक असतो. १ हा अंक असलेल्या शेवटच्या स्वरापासून पुढचा भाग ज्यांचा सारखा, ते शब्द संगणक क्षणात वेगळे काढतो. तो कोश अमेरिकन उच्चारांचा आहे, एवढे लक्षात ठेवून तो जरूर वापरावा.

रॅपला मात्र पूर्ण यमकाची सक्ती नाही. केवळ स्वर जुळवून व्यंजन मोकळे सोडणे, किंवा एका शब्दाला दोन-तीन शब्दांचा तुकडा जोडणे, हे तेथे रूढ आहे: ‘पोएट’ला ‘नो इट’, ‘शो इट’. स्वर बदलून व्यंजने तीच ठेवण्याचा प्रकारही गंभीर कवितेत मान्यता पावलेला आहे. पहिल्या महायुद्धात १९१८ साली मारला गेलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन याने तो जाणीवपूर्वक वापरला. आपण दोन भाषांत लिहिता, हे तर मोठेच भांडवल आहे. ‘ट्रेन’ला इंग्रजीतला लेखणीचा ‘पेन’ जुळत नाही, पण मराठीतला ‘येईन’ जुळतो, ‘नेईन’ही जुळतो. अशा जोड्या कोणताही कोश देणार नाही. त्या आपल्या कानानेच टिपाव्या लागतील, आणि त्यांची वही आजच सुरू करावी असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : आमच्या शालेय काळातील इंग्रजी कवितांमध्ये ‘लव्ह’ला ‘मूव्ह’ आणि वाऱ्याच्या ‘विंड’ला ‘काइंड’ जोडलेले असे. कानाने ऐकायचे तर हे कसे चालले? – एक निवृत्त वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : त्यांतील कित्येक जोड्या लिहिल्या गेल्या तेव्हा कानालाही आजच्यापेक्षा जवळच्या होत्या. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार एकामागून एक सरकले. दरम्यान १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला आणि पुढे छपाईबरोबर स्पेलिंग हळूहळू स्थिरावत गेले. उच्चार मात्र बदलतच राहिले. अठराव्या शतकाच्या आरंभी अलेक्झांडर पोप याने चहाचा ‘टी’ आणि ‘ओबे’ यांचे यमक निःसंकोच जुळवले, कारण त्या काळी चहाला ‘टे’ म्हणत असत. वाऱ्याच्या शब्दाचा जुना दीर्घ उच्चार तर बोलण्यातून गेल्यावरही कवितेत बराच काळ टिकून होता. पुढच्या कवींनी या जोड्या पूर्वजांचा परिपाठ म्हणून चालू ठेवल्या, आणि आज त्यांना डोळ्यांचे यमक म्हटले जाते. जुनी कविता वाचताना त्या आदराने वाचाव्यात. आज नव्याने लिहिणाऱ्याने त्यांचा आधार घेऊ नये.

प्रश्न : ‘ऑरेंज’ला इंग्रजीत एकही यमक नाही, हे खरे का? – एक वाचक, कागल

उत्तर : रोजच्या वापरातला शब्द नाही, हे खरे. वेल्समध्ये ‘ब्लॉरेंज’ नावाचा एक डोंगर आहे आणि वनस्पतिशास्त्रात ‘स्पॉरेंज’ हा एक विरळ शब्द आहे. ‘सिल्व्हर’ला ‘चिल्व्हर’ म्हणजे मेंढीचे मादी कोकरू, आणि ‘पर्पल’ला ‘हर्पल’ म्हणजे लंगडत चालणे, हा स्कॉटलंडकडील शब्द जुळतो. महिना या अर्थाच्या ‘मंथ’ला तर तेवढाही आधार नाही. हे शब्द कोड्यांसाठी ठीक आहेत, कवितेत त्यांचा उपयोग नाही. नारंगीवर लिहायचेच असेल, तर तिला ओळीच्या मध्यभागी बसवावे आणि शेवटी ‘हँड’ यावा अशी वाक्यरचना करावी. मग ‘सँड’, ‘लँड’, ‘बँड’, ‘स्टँड’ सगळे मोकळे होतात.